देवदत्तच्या खेळाची पोथी

माझ्या भावाला कागद काळा करायची किती हौस आहे, हे मला त्याची सीडी उघडल्यावर कळलं. चौऱ्याऐंशी पानं, आणि प्रत्येक पान या कडेपासून त्या कडेपर्यंत काळंकुट्ट. त्यावर सोनेरी अक्षरं, भोवती वेलबुट्टी, मधूनमधून घाटांचे रंगीत नकाशे. पडद्यावर देखणं दिसत होतं, नाही म्हणत नाही. पण पडद्यावर बघून भागणार नव्हतं. सोबतच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं की ताई, पाच प्रती छापून ठेव, मी कार्तिकात आठ दिवस येतोय, तेव्हा सगळे बसून खेळू.

खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. तू नावाडी, तू पुजारी, तू चोर. अडलं की फासा टाकायचा आणि पडेल तसं पुढे जायचं. अमेरिकेत हे खूळ त्याला लागलं आणि त्यानं काशीच्या घाटांवर स्वतःच एक अख्खा खेळ मराठीत लिहून काढला. दर प्रकरणाला सांगणारा बदलतो, म्हणून प्रत्येकाच्या हातात प्रत हवी. छापायला कोण? तर ताई. कारण ताई गोपीनाथजींच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवते, म्हणजे तिला काय, बटण दाबायचं फक्त.

बटण दाबलं. तीन पानं निघाली आणि प्रिंटरचा लाल दिवा लागला. गोपीनाथजींनी गरम कागद दोन बोटांत धरला, बोटं काळी झालेली बघितली आणि म्हणाले, "बिटिया, ई किताब हौ कि कोयला?" पुढे त्यांनी शांतपणे सांगितलं की याच्या एका प्रतीत जेवढी शाई जाईल तेवढीत अर्ध्या मोहल्ल्याच्या पत्रिका निघतील, तेव्हा हे त्यांच्या मशिनीवर होणार नाही. त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी सीडी तशीच परत केली असती. पण पत्राच्या तळाशी एक ओळ होती, "पाचवी प्रत अण्णांची. त्यांनाही बसव."

अण्णा म्हणजे आमचे वडील. इथे काशीत, मंगला गौरीच्या गल्लीत, त्यांना सगळे दत्तात्रेयशास्त्री म्हणतात. चार वर्षांपूर्वी देवदत्त अमेरिकेला गेला तो त्यांच्या पोथीत चिठ्ठी ठेवून. पाठशाळेत अण्णांनी त्याची जागा धरून ठेवली होती; त्यानं विचारलं नाही, भांडलाही नाही, सरळ गेला. तेव्हापासून अण्णा त्याच्याशी बोललेले नाहीत. फोन आला की रिसीव्हर माझ्या हातात देतात आणि दाराशी उभे राहून ऐकतात. तो विचारणार, अण्णा कसे आहेत? अण्णा मला सांगणार, बरे आहेत म्हण. चार वर्षं मी या दोघांची तारवाली झाले होते आणि मला त्याचा मनापासून वीट आला होता. या आठ दिवसांत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत तर पुढे कधीच बोलणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी छापायला घेतलं.

तीन आठवडे दुकान बंद व्हायच्या वेळी बसून मी त्याचा सगळा थाट उतरवला. काळं काढलं, सोनं काढलं, वेलबुट्टी काढली. नकाशे नुसत्या रेषांनी पुन्हा काढले. पानं आडवी केली आणि एका कागदावर वर-खाली दोन बसवली. छापून मधोमध कापायची आणि डावीकडे भोकं पाडून तारेनं बांधायची. पाठपोट धरून चौऱ्याऐंशी पानांचे एकवीस कागद झाले. गोपीनाथजींनी बघितलं आणि म्हणाले की आता छाप हवं तितकं. मूळ प्रत काढून, कापून, एकदा वाचायला म्हणून मी घरी आणली आणि त्याच रात्री तापानं आडवी पडले.

अण्णा म्हणाले, त्यांची एक जीर्ण पोथी झेरॉक्स करायला ते दुकानात जाणारच आहेत, हेही नेतील. मला कोण आनंद झाला. देवदत्तचं काहीतरी त्यांनी आपण होऊन हातात घेतलं होतं. सकाळी नेतो म्हणाले आणि नेलं दुसऱ्या दिवशी. का, ते मी विचारलं नाही.

ताप उतरला तेव्हा पाच गठ्ठे घरात आलेले होते, लाल फडक्यात गुंडाळलेले. तार नाही, भोकं नाहीत, सगळी सुटी पानं. पहिलं पान उलटलं तर पाठीमागचं उलटं. दुसऱ्याचंही. पाचही प्रतींत प्रत्येक पानाची पाठ डोक्यावर उभी. देवदत्त दुसऱ्या दिवशी येणार होता आणि दुकान छटपूजेसाठी बंद झालेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अण्णा, हे काय करून आणलंत?"

"का? नीट आहे की," ते म्हणाले. "पोथीचं पान खालून वर उलटतात. गोपीनाथ भलतंच करत होता, मी उभा राहून करून घेतलं. और पोथी कोई सिलता है क्या?"

"ही पोथी नाहीये."

"आडवं पान आहे," अण्णा म्हणाले आणि पूजेला उठून गेले. मी हात टेकले. चौऱ्याऐंशी पानांपैकी एकही मी पुढे वाचलं नाही. बघायचीच इच्छा राहिली नव्हती.

देवदत्त आला. अण्णांच्या पाया पडला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि एक शब्द न बोलता खिडकीशी जाऊन आपली पोथी उघडली. दुपारी आम्ही सतरंजीवर बसलो: देवदत्त, मी, आणि त्याच्या लहानपणचे दोघे सोबती, वेदांत आणि ईशानी. पाचवी प्रत मी सतरंजीच्या कडेला ठेवली. अण्णांना बसा म्हटलं तर म्हणाले, इथून ऐकू येतंय.

मग सुरू झाला तमाशा. देवदत्त पान पुस्तकासारखं उलटायचा, ते उलटं निघायचं, मग तो ते हातात फिरवायचा आणि वाचलेलं न वाचलेल्यात मिसळायचा. वेदांत खेळातली नाव घेऊन घाटाला लागला तोवर देवदत्तच्या प्रतीत नदीच सापडेना. "ताई, ये क्या छपवाया है?" देवदत्तनं विचारलं. मी उत्तर देणार तोच खिडकीतून आवाज आला.

"मधुरा, त्याला सांग, पान खालून वर उलटायचं. वाचलेलं पलीकडे पालथं ठेवायचं."

देवदत्त त्यांच्यापासून चार हातांवर बसला होता. चार हातांवर. मी म्हटलं, "देवा, अण्णा म्हणतायत पान खालून वर उलट." तो म्हणाला, "त्यांना सांग, बरं." मला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

पण खालून वर उलटल्यावर पानं सुरळीत लागली, हे कबूल करायला हवं. पुढचं प्रकरण सांगायची पाळी ईशानीची होती. आमच्या नावा राजा घाटाला लागल्या आणि ती वाचू लागली, "वरच्या पायरीवर एक वृद्ध शास्त्री बसला आहे. पुढचा रस्ता फक्त त्यालाच ठाऊक आहे. तो कोणाशीही बोलत नाही. त्याला बोलतं करायला लागोपाठ तीनदा सहा पडले पाहिजेत. विचारलं तर बोलतो."

"शेवटचं वाक्य माझं नाही," देवदत्त म्हणाला.

"लिहिलंय ना," ईशानी म्हणाली आणि पान पुढे केलं.

मी माझं पान पाहिलं. वेदांतनं त्याचं. समासात, ओळीवर काकपदाची, म्हणजे राहिलेलं घालायची, खूण देऊन अण्णांच्या बारीक गोल अक्षरात लिहिलं होतं. पोथीची नक्कल करायची तर आधी ती शोधायची, म्हणजे वाचून चुकलेलं समासात दुरुस्त करायचं आणि मगच नक्कल करायची, ही आमच्या घरची रीत. तो एक दिवस अण्णांनी मूळ प्रत का ठेवून घेतली होती, ते मला आत्ता कळलं. चौऱ्याऐंशी पानं त्यांनी वाचली होती आणि दुरुस्ती पेन्सिलीनं फक्त ही एकच केली होती. ती पाचही प्रतींत छापून आली होती.

देवदत्तच्या हातात फासा होता. त्यानं तो खाली ठेवला आणि खिडकीकडे वळला.

"अण्णा," तो म्हणाला. "मी तेव्हा विचारलं असतं तर तुम्ही जा म्हणाला असता?"

अण्णांनी हातातलं पान खालून वर उलटलं, पालथं ठेवलं आणि पोथी मिटली.

"नसतो म्हणालो," ते त्याला म्हणाले. मला नाही, त्याला. "पण दोन दिवसांनी म्हणालो असतो."

ते उठून सतरंजीवर आले आणि पाचवी प्रत त्यांनी मांडीवर घेतली. चार वर्षं मी निरोप वाहून थकले आणि यांचं काम एका पेन्सिलीनं झालं. मला रडू आलं आणि रागही तेवढाच आला. तेवढ्यात देवदत्तनं अण्णांना विचारलं चहा घेणार का, अण्णा त्याला म्हणाले अर्धा कप, आणि दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं.