सगळं मावेल अशी बॅग

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, तुम्हाला दोन घरं आहेत. थांबा, लगेच खूश होऊ नका. एका घरात आई आहे, दुसऱ्या घरात बाबा. एक आठवडा इथे, एक आठवडा तिथे. शनिवारी दुपारी एक जण तुम्हाला बसमध्ये बसवून देतो आणि चाळीस मिनिटांनी शेवटच्या थांब्यावर दुसरा वाट बघत उभा असतो. मधली चाळीस मिनिटं तुम्ही कुठल्याच घरचे नसता. पुढच्या सीटच्या पाठीवर कुणी काय काय कोरलंय ते वाचत बसायचं, बस्स.

आता डोळे उघडा. दहा वर्षांची एक मुलगी असेच शनिवार काढत होती. सारखं काहीतरी उचलून इकडून तिकडे न्यायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. इतकं नेऊनही हवी ती वस्तू नेमकी दुसऱ्या घरी राहायची. आईकडे अभ्यासाला बसावं, तर नकाशांची वही बाबाकडे. बाबाकडे थंडी वाजावी, तर स्वेटर आईकडे. एकदा बाईंनी वही मागितली, तेव्हा ती म्हणाली, "त्या घरी राहिली."

मागच्या बाकावरून आवाज आला, "किती बंगले आहेत गं तुझे?"

वर्ग खो खो हसला. मुंगीही हसली. मधल्या सुट्टीत मात्र ती पाण्याच्या टाकीमागे एकटीच डबा खात बसली आणि तिथेच तिने मनाशी पक्कं केलं. आपलं सगळं, अगदी सगळं मावेल अशी बॅग घ्यायची. मग मागे काही राहायलाच नको.

पुढच्या शनिवारी सकाळी बाबा तिला बॅगांच्या दुकानात घेऊन गेला. बाबा घरांना रंग देण्याचं काम करायचा. त्याच्या नखांच्या कडेला नेहमी कुठल्यातरी भिंतीचा रंग असे.

दुकान एका मावशींचं होतं. त्या स्वतः बॅगा शिवत. त्यांचा एक नियम होता. रिकामी बॅग पाठीवर लावून आरशात बघितलेलं त्यांना चालत नसे. काय काय नेणार ते सांगायचं. मावशी त्या त्या वजनाच्या, कापडात शिवलेल्या वाळूच्या पुरचुंड्या बॅगेत भरणार. मग ती पाठीवर घेऊन माळ्याच्या अकरा पायऱ्या चढून दाखवायच्या. ज्याला चढता येईल त्यालाच बॅग.

"ती," मुंगीने सगळ्यात वरच्या खुंटीकडे बोट दाखवलं.

"अगं, त्या बॅगेत तूच मावशील," मावशी म्हणाल्या. "डोंगर चढायला जाणारे नेतात ती. बरं, काय काय भरायचं?"

मुंगीने खिशातून कागद काढला. पुस्तकं, वह्या, स्वेटर, बुटांचे दोन जोड, रंगपेटी, दगडांचा डबा.

"दगड?"

"मी जमवलेत."

"असू देत बाई, कुणाला काय आवडेल!" मावशींनी दोन किलोची पुरचुंडी टाकली. "अजून?"

"रजई. निळी. मी लहान असल्यापासूनची."

मावशींनी कापडाची एक जाडजूड गुंडाळी आणून बॅगेत कोंबली. मुंगीने पट्ट्यांत हात घातले, दात आवळले आणि उठली. पहिली पायरी. दुसरी. तिसऱ्या पायरीवर बॅगेने तिला मागे ओढलं आणि ती धपकन खाली बसली. बाबाने धावत येऊन बॅग धरली.

"लागलं का? अगं, हे तर बिऱ्हाड झालं!" तो हसत म्हणाला. मग त्याने तिच्या हातातला कागद घेऊन वाचला. वरून खालपर्यंत, आणि पुन्हा एकदा. "हे सगळंच्या सगळं नेणारेस आईकडे?"

"हो."

"मग तुझ्या खोलीत काय ठेवू मी? रंगाचे डबे?"

कुणीच हसलं नाही. मावशी उगाच एका बॅगेची चेन मागे-पुढे ओढत राहिल्या.

"पुढच्या शनिवारी येणारेस ना परत?" बाबाने हळू आवाजात विचारलं.

मुंगी गोंधळली. "येणार ना! असं काय विचारतोस? वस्तू माझ्याजवळ असाव्यात म्हणून नेतेय. सगळे हसतात रे मला."

बाबा तिच्याशेजारी पायरीवर बसला. "कामावरून आलो की तुझ्या खोलीत डोकावायची सवय लागलीय. पलंगावर ती निळी रजई दिसली की वाटतं, आहे बुवा कुणीतरी आपलं." त्याने कागदाची घडी घातली. "पण तुझी वस्तू आहे. ने तू."

आपण नसतो तो आठवडा बाबाचा कसा जातो, हे मुंगीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बसमध्ये बसल्यावर ते घर जणू मिटूनच जायचं. आता तिला तिथे बाबा दिसला. हातपाय धुऊन, एका ताटात वाढून घेऊन बसलेला.

मावशींनी मधल्या आकाराची एक बॅग आणून पुढे ठेवली. "ही तुला झेपेल. पण यात रजई मावणार नाही, आत्ताच सांगते. मोठी हवी असेल तर वजन कमी करून बघू, तीही मिळेल. घाई नाही."

मुंगी जमिनीवर मांडी घालून बसली. दगडांची पुरचुंडी तिने बाजूला ठेवली. बुटांचा एक जोडही. पुस्तकं, वह्या, स्वेटर, रंगपेटी मधल्या बॅगेत गेली. राहिली ती गुंडाळी. तिने ती पोटाशी धरली. आईच्या घरी खिडकीजवळच्या पलंगावर तिला नवीन जागेसारखं वाटायचं. झोप लवकर येत नसे. बाबाकडे मात्र रजई नाकापर्यंत ओढली की लगेच डोळा लागायचा.

तिने बाबाच्या हातातल्या कागदाच्या घडीकडे बघितलं.

मग तिने ती गुंडाळी उचलून बाबाच्या मांडीवर ठेवली. "रजई तुझ्याकडेच राहू दे. पण तू पांघरायची नाहीस हं. पलंगावरच ठेवायची."

आणि मधली बॅग पाठीवर चढवून, दोन्ही पट्टे घट्ट ओढून, ती पहिल्या पायरीपासून पुन्हा चढू लागली.