पोरांना अंदमानातून परत बोलावलं

माझी बायको बेबीनंदा वारली तेव्हा आमच्या पोराच्या, राजानंदच्या लग्नाला सतरा दिवस झाले होते. दाराचं तोरण अजून काढलं नव्हतं. सकाळी भाकरी करता करता ती उठली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "अहो, छातीत जरा जड वाटून राह्यलंय." मी म्हणालो, पित्त असंल, पाणी पी. तिनं पाणी पिलं. मंठ्यातच आमचं घर, दवाखाना काही लांब नाही. तरी पोचेपर्यंत ती गेली होती.

मी गवंडी आहे. पस्तीस वर्षं बांधकाम केलं. राजानंद बी-बियाणांच्या दुकानात कामाला आहे. सून सुमेधा वाटूरची, इथल्या एका खाजगी शाळेत शिकवते. बेबीनंदा अंगणवाडीत मदतनीस होती. अंगणवाडीच्या भिंतीवर भारताचा नकाशा होता, आणि त्यात उजवीकडं समुद्रात जे चार ठिपके दिसतात ते तिनं रोज झाडताना बघितलेले. पोरांचं लग्न ठरलं तेव्हा तिनं सांगून टाकलं, की ही दोघं अंदमानला जातील. मी म्हणालो, महाबळेश्वर काय वाईट आहे? आपली ऐपत बघ.

ती म्हणाली, "माझं लगीन झालं तवा तिसऱ्या दिवशी तुम्ही मला वाळू चाळायला नेल्तं परतूरला. सुनंला तरी समुद्राची वाळू बघू द्या."

जालन्याच्या एका एजंटाकडं सगळ्यात स्वस्तातलं बुकिंग केलं. परतूरहून सिकंदराबादपर्यंत रेल्वे, हैदराबादहून विमान, पंख्याची खोली, जेवण आपलं आपण. तिकिटं रद्द केली तर काहीच परत मिळणार नव्हतं. लग्नानंतर पाचव्या आठवड्यातली तारीख होती. म्हणजे बेबीनंदा गेली तेव्हा मध्ये अठरा-एकोणीस दिवस राहिले होते.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या नावानं वंदना घेतली त्या दिवशी, माझी मोठी बहीण चतुराआक्का सगळ्यांसमोर बोलली. आईला जाऊन महिना झाला नाही आणि पोरं समुद्रावर फोटो काढणार, लोक तोंडात शेण घालतील. मग आवाज खाली करून, पण सुमेधाला ऐकू जाईल असा, ती बायकांना म्हणाली की पोरगी उंबऱ्याच्या आत आली आणि सतरा दिवसांत घर बसलं, आता तुम्हीच समजा.

मला राग आला. मी उभा राहिलो. म्हणालो, आपल्या बापजाद्यांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच हे सगळं सोडलं, सुतक सोडलं, पायगुण सोडला. त्यांनी टाकून दिलेलं आपण परत कशाला उचलायचं? हे तिकीट पोरांच्या आईनं काढलंय, पोरं जातील. एवढं बोलून मी बसलो. नंतर कितीतरी जणांनी माझा हात धरला. चौकात चहाला गेलो तरी लोक म्हणायचे, मिस्त्री, तुमच्यासारखा विचार पाहिजे. ते ऐकायला मला बरं वाटायचं.

जायच्या दिवशी सुमेधानं पंचवीस-तीस धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली. आमच्या समोर साहेबरावाचं किराणा दुकान आहे, तो माझा जुना दोस्त. तो म्हणाला, "विमानात धपाटे खाणारी ही पहिलीच जोडी असंल." राजानंद हसला. आई गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला. मी त्यांना परतूर स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी हलली तेव्हा सुमेधानं खिडकीतून दोनदा सांगितलं, की मामा, गॅसचं बटण खालून बंद करत जा.

घरी आलो. हे घर मी माझ्या हातानं बांधलंय, चारी भिंती मीच उचलल्या. पण त्या दिवशी मला आत पाय ठेवता येईना. आत गेलो की स्वयंपाकघरातली ती भिंत दिसायची. दुसऱ्या दिवशी कामावरून दुपारीच सुट्टी झाली. मी हातपाय धुतले, बाहेरून कुलूप लावलं आणि आपल्याच ओट्यावर बसलो. साहेबरावानं दुकानातून हाक मारली, कुठं निघाला? मी म्हणालो, कुठं न्हाई. कुलूप दिसत होतं त्याला. त्यानं बिस्किटाचा पुडा आणून दिला.

पोरांचे फोटो यायचे. एकात सुमेधा सलवार दुमडून गुडघाभर पाण्यात उभी होती, पाणी इतकं निळं की रंग दिल्यासारखं. एकात राजानंदच्या हातात शहाळं. मी फोटो उघडायचो आणि सगळ्यात आधी मागं किती माणसं आहेत ते मोजायचो. का मोजायचो मला माहीत नाही.

ते तिथं पोचल्यावर तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास राजानंदचा फोन आला. उद्या सकाळच्या बोटीनं ते हॅवलॉक नावाच्या दुसऱ्या बेटावर जाणार होते. सगळ्यात चांगला समुद्र तिथंच आहे, असं तो म्हणाला. मागून सुमेधा काहीतरी सांगत होती आणि दोघं हसत होती. मग तो म्हणाला, "बाबा, तिकडं रेंज नीट नसते. दोन दिवस फोन लागला न्हाई तर घाबरू नका."

दोन दिवस. मी ओट्यावर बसलो होतो, मागं कुलूप होतं. मी ठरवलं नव्हतं. खरंच ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"जा बाबा. मला काही न्हाई. फकस्त छातीत जरा जड वाटून राह्यलंय."

तिकडचं हसणं बंद झालं. तो बाबा बाबा म्हणत राहिला आणि मी फोन ठेवला.

पाच मिनिटांत साहेबराव पळत आला, दुकान तसंच उघडं टाकून. राजानंदनं त्याला फोन केला होता. त्यानं मला मोटारसायकलवर बसवून डॉक्टरकडं नेलं. छातीला वायरी लावल्या, ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, सगळं बराबर आहे, दगदग कमी करा, जेवत जा. साहेबरावानं तिथूनच राजानंदला फोन लावला, नॉर्मल आहे म्हणून सांगितलं. तिथं सगळं मिटलं असतं. पोरं दुसऱ्या दिवशी बोटीत बसली असती.

पण मी साहेबरावाच्या हातातून फोन घेतला. म्हणालो, "डॉक्टर म्हणले दोन दिवस बघू." डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. साहेबराव माझ्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं मी घाबरलोय.

पोरं निघाली. हैदराबादचं विमान मिळालं नाही, चेन्नईवरून आली. बोटीचे, खोलीचे सगळे पैसे गेले, वर नवीन तिकिटांचा खर्च. त्या फोननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. राजानंदनं बॅग रस्त्यावरच टाकली, आत आला आणि माझ्या छातीला हात लावून बघितलं. त्याच्या अंगातले कपडे तेच होते, शहाळ्याच्या फोटोतले. सुमेधाच्या नाकाचं कातडं उन्हानं सोललं होतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी पोटभर जेवलो. घरात भांड्यांचा आवाज होता.

दुसऱ्या दिवसापासून चतुराआक्का यायला लागली. येताना शेजारणींना घेऊन यायची. म्हणायची, मी सांगत होते तवा मला अडाणी ठरवलं, आता बघा. आधी सासू, आता सासरा. पोरीनं घराबाहेर पाऊल टाकलं की इकडं कुणाच्या तरी छातीत कळ येतीय. आक्का हे माझ्या उशाशी बसून बोलायची, माझ्या कपाळावर हात फिरवत. मी म्हणायचो, आक्का, गप बस. पण खरी गोष्ट सांगत नव्हतो. ज्या माणसानं भर सभेत पायगुण टाकून द्या म्हणून सांगितलं, तोच आता अंथरुणावर पडून गप्प होता. लोकांनी त्याचा काय अर्थ घ्यायचा?

सुमेधा मला पाण्याची बादली उचलू देत नव्हती. भाजीत मीठ अर्धं टाकायची. मी खोकलो तरी दारात येऊन उभी राहायची. शाळेतही बायका बोलल्या असाव्यात, कारण चौथ्या दिवशी ती अर्ध्या दिवसातच परत आली. पाचव्या दिवशी बघतो तर तिची बॅग भरलेली. आक्का पलंगावर बसली होती, राजानंद दाराला टेकून उभा होता. सुमेधा म्हणाली, थोडे दिवस वाटूरला जाऊन येते.

मी विचारलं, का?

ती म्हणाली, "मामा, मला हे बिलकुल पटत नाही. मी रोज पोरांना विज्ञान शिकवते. पण मी इथं असताना तुम्हाला खरंच काही झालं, तर माझा काही संबंध नाही, हे मी दुसऱ्यांना सांगू शकेन. स्वतःला नाही सांगू शकणार."

मी अंथरुणावरून उठलो. आता न बोलता जमणार नव्हतं. बोललो तर राजानंद माझं तोंड बघणार नाही, हे मला कळत होतं. मी सांगितलं. माझ्या छातीत काही झालं नव्हतं. मला घरात एकट्याला राहवत नव्हतं म्हणून मी तुम्हाला बोलावलं. डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं. या पोरीचा काही संबंध नाही.

मग आक्कानं पदर डोळ्याला लावला. "देवमाणूस हाय माझा भाऊ. सुनंला वाचवायला स्वतःला खोटं पाडून राह्यला."

मी म्हणालो, आक्का, मी आत्ता खरं सांगतोय. ती म्हणाली, तुला मी लहानपणापासून वळखते, तू खोटं बोलणारा न्हाईस. मी दवाखान्यातली ती पट्टी काढून दाखवली. ती म्हणाली, कागदाला काय कळतंय.

राजानंद मात्र माझ्याकडंच बघत होता. त्यानं ते लगेच खरं मानलं. तो म्हणाला, "ते आईचे शब्द होते." एवढंच. सुमेधाची बॅग उचलली आणि मोटारसायकल काढली. संध्याकाळी तो एकटा परत आला.

पुढचे बारा दिवस तो घरी यायचा, स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायचा, झोपायचा. मला सोबत पाहिजे होती, ती होती. तो एक शब्द बोलला नाही. आणि मंठ्यात आक्काचीच गोष्ट चालू झाली, की मिस्त्रीनं सुनेसाठी आळ स्वतःवर घेतला. चौकात परत लोक माझा हात धरायला लागले. मी हात सोडवून घ्यायचो, खरं काय ते सांगायचो, आणि ते मान हलवायचे. मग मी चौकात जायचं बंद केलं. ही गोष्ट वाटूरलाही पोचली असणार, असं मनात आलं, आणि रविवारी सकाळी एस.टी.त बसलो.

व्याही ओट्यावरच होते. जयभीम केला. मी आत गेलो नाही, तिथंच उभ्यानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. विहीणबाई दारात होत्या. त्या म्हणाल्या, "पोरीची हौस बी घेतली तुम्ही आन् पोरीचं नाव बी. आता काय न्यायला आलात?" मी म्हणालो, न्यायला न्हाई आलो. सांगायला आलो. त्यांनी पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. ते बराबरच होतं.

सुमेधा फाट्यापर्यंत माझ्यासोबत चालत आली. वाटेत म्हणाली, घरात करमत नाही, परत या, असं फोनवर सांगितलं असतं तर आम्ही आलो असतो. मी म्हणालो, मला वाटलं न्हाई येणार.

"आलो असतो. रागावलो असतो, पण आलो असतो. घाबरलो नसतो."

तिनं मग त्या प्रवासाचं सांगितलं. पोर्ट ब्लेअरपासून राजानंदनं काही खाल्लं नव्हतं. साहेबराव काका नॉर्मल म्हणतात ते आपल्याला धीर द्यायला, असंच त्याला वाटत होतं. विमानात त्यानं तिच्याकडून वहीचं पान मागून घेतलं आणि त्यावर नावं लिहिली, मी गेलो तर कुणाकुणाला कळवायचं त्यांची. ती म्हणाली, मी बघितलं नाही असं दाखवलं.

एस.टी. आली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा ती म्हणाली, "मी येईन मामा. कधी, ते विचारायचं नाही. ना मला, ना तुमच्या पोराला."

मी बरं म्हणालो.

घरी आलो तर राजानंद जेवायला बसला होता. मी त्याच्यासमोर बसलो. म्हणालो, सुमेधानं त्या कागदाचं सांगितलं. त्यानं मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसला. मग बोलला, बारा दिवसांनी पहिल्यांदा.

"नावं तर लगेच झाली लिहून. मंग मी फोनमध्ये तुमचा फोटो शोधत होतो, लोकांना पाठवायला. तुमचा एकट्याचा एक बी न्हाई. सगळ्यात आई हाय."

त्यानं तुकडा तोंडात घातला आणि जेवत राहिला. मी उठलो, माझं ताट वाढून घेतलं आणि परत त्याच्यासमोर येऊन बसलो.