बॉबिन कोणी भरली?

माझ्या थोरल्या जाऊबाईंना देव कुठेही भेटायचा. सिग्नल हिरवा मिळाला, देव. दूध उतू जाता जाता वाचलं, देव. आम्ही दोघी एकाच खोलीत पडदे आणि उशांचे अभ्रे शिवतो, तिथे तर त्याचा मुक्कामच. मशीनच्या खालच्या बॉबिनमधला दोरा नेमका शिवण संपताना संपला, की त्या हात थांबवून म्हणायच्या, "बघ, शेजारीच बसलाय तो."

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला," मी म्हणायचे. स्वभावच तिरकस माझा. देवाशी माझं भांडण नव्हतं, पण त्याला इतकी किरकोळ कामं सांगणं काही पटायचं नाही.

मग भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, जेवता जेवता कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "फार दिवस नाहीत. त्यांच्या बायकोला आणा, बोलू दे त्यांच्याशी. बेशुद्धीतही कदाचित ऐकू येतं." आणि जाऊबाई जाईनात! पहिल्या दिवशी हॉस्पिटलातल्या खोलीच्या दारातून माघारी फिरल्या, त्या फिरल्याच. रोज येऊन मान खाली घालून शिवत बसायच्या.

"ताई, अहो, चला ना."

"कशी येऊ? तो सोबत नाहीये गं आता. तेव्हापासून एक खूण नाही. एकटीने त्या खाटेपाशी जायची भीती वाटते मला."

मला राग आला. त्यांचा आला, आणि त्याहून जास्त त्याचा. एरवी न बोलावता हजेरी लावणारा, नेमका आत्ताच कुठे दडी मारून बसला?

म्हटलं, त्याला जमत नसेल तर मी करते. जाऊबाई दुपारी घरी पडायला गेल्या, तेव्हा मी जुन्या चादरीच्या पडद्याच्या रुंदीएवढ्या पट्ट्या कापल्या. बॉबिन थोडी थोडी भरून त्या पट्ट्यांवर शिवून पाहिलं. कधी दोरा मध्येच संपायचा, कधी उरायचा. जेवण राहिलं, मान धरली. अखेर माप जमलं. तेवढाच दोरा भरलेली बॉबिन त्यांच्या मशीनमध्ये बसवली आणि साळसूदपणे अभ्रे उलटवत बसले.

त्या आल्या, पडद्याची खालची दुमड शिवायला घेतली. शेवटच्या टाक्याला खालचा दोरा संपला.

"अगबाई! ताई, बघा!" मी जरा जास्तच ओरडले.

त्यांनी बॉबिन बाहेर काढून उजेडात धरली. तिच्या भोकातून दोऱ्याचं टोक लोंबत होतं. भोकात दोरा ओवून बॉबिन भरायची सवय माझी. त्या नुसताच गुंडाळून भरतात. इतकी वर्षं शेजारी बसून मी हे विसरावं!

त्यांनी मी टोपलीत टाकलेल्या पट्ट्या उचलून पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"जेवलीस?"

"नाही."

"आणि तुझा तर या कशावर विश्वासही नाही."

"नाही," मी म्हटलं. "खोटी होती हो खूण. चुकलंच माझं."

त्या रडायला लागल्या. भाऊजी पडल्यापासून पहिल्यांदाच. मी त्यांना जवळ घेतलं, तर माझेही डोळे वाहायला लागले.

"खोटी कशी?" त्या नाक पुसत म्हणाल्या. "मी वेडी त्याला दोऱ्यात शोधत होते. आणि तो इथे उपाशीपोटी, चिडचिड करत बसलेला. चल, ऊठ. पण तू दाराशी थांबायचं हं."

हॉस्पिटलात त्या थेट खाटेपाशी गेल्या, भाऊजींचा हात हातात घेतला आणि बोलत सुटल्या. नळ दुरुस्त झाला, शेजारीण विचारत होती, तुमच्याशिवाय घर खायला उठतं. भाऊजींनी डोळे उघडले नाहीत. साधं बोटही हललं नाही. जाऊबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं, त्या बोलतच राहिल्या.

मी कबूल केल्याप्रमाणे दाराशी उभी होते. जन्मात पहिल्यांदाच त्याच्याशी बोलले, मनातल्या मनात, पण चांगलं खडसावून. म्हटलं, असशील तर ऐक. ताईंचं सगळं बोलून होईपर्यंत भाऊजींना नेऊ नकोस. घाई केलीस तर माझ्याशी गाठ आहे.