रंगावर लावलेला चिमटा

तारकर्लीच्या रस्त्याला धोंडू मेस्त्रीचं गॅरेज होतं आणि यशोदेचा टेम्पो महिन्यातून चार वेळा तरी त्याच्या दारात उभा असायचा. यशोदेचा नवरा काशीराम धोंडूचा जिवलग मित्र. तो गेल्यावर वर्षभरात ती टेम्पो चालवायला शिकली आणि मालवण बंदरावरची मासळी भरून कट्ट्याच्या, कसालच्या बाजाराला नेऊ लागली.

टेम्पो वीस वर्षांचा जुना. त्याला अलीकडे एक विचित्र खोड लागली होती. चावी फिरवली की आतून नुसता ‘टक’ असा आवाज यायचा आणि पुढे काही नाही. दहा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने, तीच चावी फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू. धोंडूने बॅटरी बदलली, सेल्फ म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर उघडून तिचे कार्बन बदलले, चावीचा स्विच नवा घातला. खोड जाईना आणि सापडेनाही. कारण टेम्पो गॅरेजमध्ये आला की शहाण्यासारखा वागायचा, वीस वेळा चावी फिरवा, वीसही वेळा चालू.

मग बाजारातून फोन यायचा. “भावजी, परत टक करता.” धोंडू हातातलं काम टाकून मोटारसायकलवर निघायचा. सेल्फवर हातोडीचे दोन ठोके द्यायचा आणि टेम्पो सुरू व्हायचा. ठोक्यांमुळे, की तो पोचेपर्यंत इंजिन निवल्यामुळे, हे त्यालाही सांगता आलं नसतं. यशोदा त्याला थर्मासातला चहा द्यायची. धोंडूचं लग्नाचं राहूनच गेलं होतं. तो चहा पिताना त्याला वाटायचं, ही गाडी अशीच अधूनमधून अडत राहिली तरी काही बिघडत नाही.

त्यात विनीत आला. देवबागचाच, पण दहा वर्षं गोव्याच्या गोदीत होड्यांच्या इंजिनांचं वायरिंग करून परतलेला. बंदरावर त्याची आणि यशोदेची ओळख झाली आणि तिच्या बोलण्यात त्याचं नाव येऊ लागलं.

“विनीत म्हणता, गाडी भरलली असताना अडता की रिकामी असताना, ता बघून ठेय.”

“विनीत म्हणता, गरम इंजिनार अडता काय, ता लिवन ठेय.”

“तेका गाडयेतला काय कळता?” धोंडू म्हणाला. “तो होडयेवालो.”

“निदान इचारता तरी.”

हे धोंडूला फार लागलं. एके सकाळी तो बंदरावर गेला तर विनीत टेम्पोच्या बॉनेटला रेलून उभा होता आणि यशोदा कशावर तरी हसत होती. त्या बॉनेटवरचा एकेक पोचा धोंडूने स्वतःच्या हाताने ठोकून सरळ केला होता. त्या दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाच्या गाडीत चुकीचं ऑइल ओतलं आणि वर त्यालाच शिव्या दिल्या.

“उद्यापासून मी तुझ्या वांगडा येतंय,” त्याने यशोदेला सांगितलं. “अडली की माझ्या डोळ्यांसमोर अडांदे.” खराबी विनीतच्या आधी आपल्याला सापडली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी कट्ट्याच्या बाजारात अर्धी मासळी उतरवून झाली आणि कसालला निघताना यशोदेने चावी फिरवली. टक. धोंडूने हातोडी उचलली.

“थांबा भावजी. ठोकू नका. विनीतान सांगल्यान हा, अडली की तशीच ठेय आणि माका फोन कर.”

तिने फोन लावला, धोंडू सोबत असल्याचं सांगितलं आणि स्पीकरवर विनीतचा आवाज आला. “धोंडूदा, तुमी आसात ता बरां झाला. सेल्फाक करंट जाता, पण परत येवची वाट बंद जाता असा माका वाटता. जाड वायरीचो एक चिमटो बॅटरीच्या मायनसार लावा, दुसरो थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडार. सुरू झाली तर समजायचा, अर्थची वायर सडली.”

धोंडूच्या डोळ्यांसमोर लख्ख चित्र उभं राहिलं. मासळीच्या क्रेटांतून गळणारं बर्फाचं खारं पाणी, त्याखाली करंट बॅटरीकडे परत नेणारी अर्थची वायर चासीला आवळणारा बोल्ट. वरून चांगला दिसणारा, म्हणून त्याने तो कधी खोललाच नव्हता. विनीतचं बरोबर होतं. घरबसल्या, गाडी न उघडता, नुसते प्रश्न विचारून त्याला ते सापडलं होतं.

धोंडूने पहिला चिमटा बॅटरीला लावला. दुसरा इंजिनाकडे नेताना त्याचा हात दोन बोटं सरकला आणि चिमटा रंग दिलेल्या पट्टीवर बसला. रंगातून करंट जात नाही, हे त्याला ठाऊक होतं.

“मार सेल्फ, वयनी.”

टक.

“नाय झाली,” तो फोनमध्ये म्हणाला.

पलीकडून विनीत म्हणाला, “मगे अर्थ नाय. माझा चुकला. गाडी ओढून न्हेवा.”

फोन बंद झाला. चिमटा आता सरकवावा, असं धोंडूला वाटलं. पण यशोदा शेजारीच उभी होती, आणि सरकवला असता तर खोटं उघडं पडलं असतं. त्याने दोन्ही चिमटे काढून वायर गुंडाळली. या वेळी इंजिन निवल्यावरही, ठोके दिल्यावरही गाडी नुसती टक करत राहिली आणि ओढून न्यायला दुसरा टेम्पो यायला अडीच तास लागले. तोवर बर्फाचं पाणी झालं, बांगड्याचे डोळे पांढरे पडले. यशोदा क्रेटांवर ओलं गोणपाट टाकत राहिली आणि तो तिला पाणी आणून देत राहिला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये त्याने तो बोल्ट खोलला. खाली हिरवी-पांढरी भुकटी, वायरीचे तंतू हातात तुटून आले. त्याने लोखंड घासून चकचकीत केलं, नवी जाड वायर घातली, वर ग्रीस लावलं. टेम्पो सुरू झाला आणि पुढेही रोज पहिल्या झटक्यात सुरू होत राहिला.

“विनीताक नाय गावला ता तुमका गावला,” यशोदा म्हणाली. याच वाक्यासाठी त्याने सगळं केलं होतं. रात्री त्याने वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

चार दिवसांनी विनीत गॅरेजवर आला. “ती जुनी वायर आसा? माका बघूची आसा. ती जर सडलली होती तर माझी चाचणी चुकली कशी? उद्या एका होडयेचा इंजिन अशाच रीतीन तपासूचा आसा. माणसां समुद्रार जातली.”

धोंडूने वायर त्याच्या हातात दिली. विनीत ती उलटसुलट करून बघत होता, स्वतःच्याच चुकीचा छडा लावत होता.

“तुझी चाचणी बरोबर होती,” धोंडू म्हणाला. “चिमटो मी रंगार लायलंय.”

“चुकान?”

“नाय.”

विनीतने वायर टेबलावर ठेवली. “वयनीक सांगितलास?”

“नाय.”

“मी सांगूचंय नाय,” विनीत म्हणाला आणि निघून गेला.

संध्याकाळी धोंडू यशोदेच्या अंगणात गेला. ती क्रेट धूत होती. त्याने उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

“कशाक केलास?” तिने विचारलं.

“तुझ्या तोंडात तेचा नाव इला की माका सोसणा नाय.”

ती क्रेट घासत राहिली. मग म्हणाली, “त्या दिवशी चार क्रेट बांगडे मी खड्ड्यात पुरलंय. तुमी कुदळ घेवन माझ्यावांगडा खणत होतास.”

तिने धुतलेली क्रेट भिंतीला टेकवली.

“गाडी अडली की मी तुमकाच हाक मारी,” ती म्हणाली. “दुसऱ्या कोणाक मारूचा माझ्या मनातच येय नाय. आता येतला.”

त्यानंतर महिनाभर तिचा फोन आला नाही. टेम्पो रोज पहाटे गॅरेजवरून जायचा आणि त्याचा आवाज ऐकून धोंडूला कळायचं की तो नीट चालला आहे. एकदा विनीत तिच्या शेजारी बसलेला दिसला. तो पाना घेऊन पुन्हा कामाला लागला.

मग एका दुपारी टेम्पो दारात येऊन थांबला. ब्रेक चिकटत होते. यशोदेने चावी टेबलावर ठेवली, पण एरवीसारखी बाजारात निघून गेली नाही.

“काय गावता ता माका दाखवा,” ती म्हणाली. “परतेक गोष्ट.”

धोंडूने चाक काढलं, ड्रम उघडला आणि बाजूला सरकून तिला वाकून बघायला जागा करून दिली.