नावावरची गाडी

कोसबाडच्या उतारावर पिकअपचं डावं चाक पहिल्यांदा मागे सरकलं, तेव्हा वेणू हौद्यात सुक्या बोंबलाच्या पाट्यांना टेकून बसली होती. आधी खालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. मग गाडी आपल्याच मर्जीने डावीकडे ओढू लागली. पुढे बसलेला सदानंद स्टिअरिंगला लोंबकळल्यासारखा झाला होता. नशीब असं की तिथे बांध होता आणि उतार संपत आला होता. गाडी बांधाला घासून थांबली. चार-पाच बाया होत्या, सगळ्या धडधाकट खाली उतरल्या. एकीने बोंबील गोळा करता करता देवाचं नाव घेतलं आणि बाकीच्या हसल्या. वेणूला मात्र हसू आलं नाही.

चिखल्यात त्यांचं घर किनाऱ्यालगत होतं. सदानंदचा भावाबरोबर होडीत वाटा होता, आणि वेणू लग्न झाल्यापासून मासळी विकत होती, आधी डोक्यावर पाटी घेऊन, मग एस्टीने. ही गाडी आली तेव्हा वाडीत पहिलीच. दोघांनी मिळून घेतलेली, नव्वद साल उलटून गेल्यावर, अगदी नवी कोरी. तिच्यामुळे कासा, तलासरी, उधवा असे आतले बाजार हाताशी आले. त्या दिवशी बांधाला घासेपर्यंत या गाडीने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

घोलवडच्या मेकॅनिकने गाडीखाली झोपून पाहिलं. पुढच्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याला चासीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, धरून ठेवणारा ब्रॅकेट चिरला होता. त्याने वेल्डिंग मारलं आणि म्हणाला, नव्या गाडीचा हा ब्रॅकेट तुटायला नको होता, माल कच्चा दिसतो. ते खरंच होतं. पावसाळा संपायच्या आत कंपनीचं पत्र आलं. त्या वर्षीच्या सगळ्या पिकअपच्या पुढच्या ब्रॅकेटमध्ये दोष आहे, दोन्ही बाजूंचे फुकट बदलून मिळतील, जवळच्या वर्कशॉपमध्ये गाडी आणावी, तोवर जड माल भरू नये. सदानंदने पत्र वाडीतल्या गुरुजींकडून वाचून घेतलं आणि छाती पुढे काढून घरी आला. एवढी मोठी कंपनी, पण चूक कबूल करते, असं तो ज्याला त्याला सांगत होता.

वर्कशॉप तलासरीच्या अलीकडे हायवेला होतं. तिथला जतीन म्हणून मॅनेजर गोड बोलायचा. पहिल्या वेळी त्याने चहा पाजला आणि सांगितलं की ब्रॅकेट अजून आले नाहीत. दुसऱ्या वेळी गाडी ठेवून जायला सांगितलं. गाडी ठेवली, बाजार बुडाले, आणि परत मिळाली ती नुसती धुवून पुसून. ब्रॅकेट आले होते खरे, पण वापीच्या एका कारखान्याच्या गाड्या आधी नोंदवल्या होत्या. तिसऱ्या वेळी जतीनने खाली वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"बाहेर वेल्डिंग केलंय तुम्ही. आता कंपनी मानणार नाही, काका. मला वर विचारायला लागेल."

"वेल्डिंग नसतं मारलं तर गाडी इथवर आली कशी असती?" सदानंदने विचारलं.

जतीन दुसऱ्या गाडीकडे वळला. त्या दिवशी सदानंद घरी येऊन जेवला नाही. गाडी अंगणात उभी होती, आणि येता-जाता तो तिच्याकडे असा बघायचा जसं काही घरातलं माणूस चोर निघालं होतं. वेणूने एस्टी धरली. ताजी मासळी बाजारात पोचेपर्यंत नरम पडायची. दिवाळीच्या आधी सदानंदने गाडीसाठी गिऱ्हाईक आणलं.

चिमण कासाच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या जीपा चालवलेला, आता स्वतःची गाडी हवी म्हणून इकडून तिकडून जमवाजमव करून आलेला. बरोबर बायको होती, नवशी. तिने गाडीच्या बॉनेटला कुंकू लावलं, आणि तिथे दुसरं काही नव्हतं म्हणून वेणूच्या अंगणातलं जास्वंद तोडून काचेच्या पट्टीत खोवलं. चिमणने गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "शेठ, काही खोड आहे का गाडीला?"

"कामाची गाडी आहे. कामाला घ्या," सदानंद म्हणाला.

वेणू चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने कप ठेवले आणि आत गेली. त्या वेळी बोलली असती तर नवऱ्याला परक्यासमोर खोटं पाडल्यासारखं झालं असतं. असं तिने स्वतःला सांगितलं, पण पटलं नाही. नाव बदलायला ठाण्याला आरटीओत जावं लागणार होतं. सण झाला की जाऊ, असं दोघा पुरुषांचं ठरलं, आणि चिमण पैसे देऊन गाडी घेऊन गेला.

सण होऊन महिना गेला. दुकानदाराच्या फोनवर निरोप आला, जतीनचा. वरून मंजुरी आली होती, ब्रॅकेट आले होते, गाडी घेऊन या. सदानंद जाळं शिवत बसला होता. तो म्हणाला, आता कशाला? गाडी आपली राहिली नाही.

"गाडी गेली, पण ब्रॅकेट तोच आहे ना?" वेणू म्हणाली.

"जाऊन सांगितलं तर तो म्हणेल, तुला ठाऊक होतं, मग विकलीस कशी? गाडी परत आणून दारात उभी करेल. मग?"

वेणूने पुढे वाद घातला नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती पाटी घेऊन कासाला गेली, पाटी ओळखीच्या बाईजवळ ठेवली आणि जिथे पाड्यांवर जाणाऱ्या जीपा लागतात तिथे गेली. गाडी तिने लांबून ओळखली नाही. हौद्यात दोन फळ्या टाकून बाक केले होते, वर ताडपत्री होती, आणि आत मुलंबाळं धरून इतकी माणसं होती की मागचा पाटा उलटा वाकला होता. चिमण भाडं गोळा करत होता. वेणूने त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. उतारावरचं, पत्राचं, वेल्डिंगचं, आता आलेल्या ब्रॅकेटचं.

चिमणने ऐकून घेतलं. रागावेल असं तिला वाटलं होतं, पण त्याने वाकून चाकामागे पाहिलं.

"वैनी, तेव्हा का नाही सांगितलं?"

"नाही सांगितलं," वेणू म्हणाली.

चिमण लगेच वर्कशॉपला गेला. तिथे त्याला विचारलं, गाडी कुणाच्या नावावर आहे? ज्याच्या नावावर, त्याची सही पाहिजे. तो तसाच चिखल्याला आला. सदानंदने त्याला ओट्यावर बसवलं, गोड बोलला, गुरुवारी येतो म्हणाला. गुरुवारी तो होडीवर गेला. पुढच्या गुरुवारीही गेला. चिमण दोनदा येऊन परत गेला, आणि दर खेपेला त्याचा दिवस बुडाला. मग वेणूने एक गोष्ट केली जी तिने लग्नानंतर कधी केली नव्हती. ती सासऱ्यांसमोर जाऊन बसली आणि त्यांना सारं सांगितलं. म्हातारा कमी बोलायचा. त्याने मुलाला हाक मारली आणि म्हणाला, "उद्या जा." सदानंद गेला.

वेणूही बरोबर गेली, आणि चिमण गाडी घेऊन तिथे आला. जतीनने सही घेतली, गाडी आत घेतली आणि दुपारनंतर बाहेर आणली. डावा ब्रॅकेट नवा बसला होता, काळा कुळकुळीत. उजव्या बाजूचे बोल्ट गंजून धरले होते, ते कापायला वेळ लागणार होता आणि कापणारा माणूस सुट्टीवर होता. गाडी आठवडाभर ठेवून जा, असं जतीन म्हणाला.

चिमणने मान हलवली. आठवडाभर गाडी ठेवली तर घरात चूल पेटणार नाही, असं तो म्हणाला.

"उजवीकडचं तुटलं तर?" वेणूने विचारलं.

"ते कुठे तुटलंय, ताई? तुटलं होतं ते डावं. ते बदललं. उजवं पुढच्या वेळी करू, सवडीने." जतीनने किल्ली चिमणच्या हातात दिली.

सदानंदला घाई होती. तो बाहेर जाऊन हायवेवर एस्टीला हात करत होता. चिमणने वेणूला नमस्कार केला, अगदी मनापासून, आणि निघून गेला. तिला त्या नमस्काराची लाज वाटली, कारण काम अर्धं राहिलं हे ती तिथे उभी राहून बघत होती.

होळीच्या आधीच्या आठवड्यात बातमी आली. चारोटीच्या अलीकडे, हायवेला, भरल्या गाडीचं उजवं चाक मागे गेलं. गाडी उजवीकडे ओढली गेली आणि समोरून टँकर येत होता. चिमण जागच्या जागी गेला. हौद्यातल्या दोन बाया गेल्या, एक बाजाराला निघालेली, एक माहेरी जायला. नवशी मागे बसली होती. तिचा हात मोडला. तिला कासाच्या दवाखान्यात नेलं.

पोलीस चिखल्याला आले. गाडी सदानंदच्या नावावर होती. नाव बदलायला आरटीओत जायचं राहून गेलं होतं ते राहूनच गेलं होतं. मालाच्या गाडीत माणसं भरली, विमा संपलेला, आणि मालक म्हणून कागदावर तोच. गाडी विकली असं तो म्हणाला. विकल्याचं दाखवायला काही होतं का, असं हवालदाराने विचारलं. दोघांनी विश्वासावर केलं होतं, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवला तो मेला होता. सदानंदला घेऊन गेले. जामिनावर सुटून आला तेव्हा त्याने दाढी केली नव्हती, आणि ओट्यावर बसून तो पहिलं वाक्य बोलला ते वेणूला उद्देशून.

"तू कासाला गेली नसतीस, वर्कशॉपला माझी सही झाली नसती, तर निदान चिमणला मी ओळखत नाही म्हणालो असतो."

कंपनीची माणसं आली, मोडक्या गाडीचे फोटो काढून गेली. त्यांच्या लेखी या गाडीचं काम झालं होतं. वर्कशॉपने तसं कळवलं होतं, डावं-उजवं काही न लिहिता. बाकी मग जादा माणसं भरली हेच कारण.

वेणू नवशीच्या पाड्यावर गेली ती उन्हाळा लागल्यावर. जीपने, कारण दुसरं काही जात नव्हतं. सगळा रस्ता तिचे हात बाकाच्या लोखंडाला चिकटून राहिले होते. नवशी मोहाच्या झाडाखाली बसली होती, हात गळ्यात बांधलेला. तिने वेणूला ओळखलं. पाणी दिलं नाही, पण जा असंही म्हणाली नाही. वेणूने वर्कशॉपमधलं सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "एक बाजू राहिली होती, हे त्याला ठाऊक होतं?"

"होतं."

"मला नाही सांगितलं. मी रोज मागं बसत होते." मग ती म्हणाली, "तुला पण ठाऊक होतं."

"होतं," वेणू म्हणाली.

नवशीने तिच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत वेणूला राग सापडला असता तर बरं झालं असतं. नवशीने एवढंच मागितलं की कोर्टात हे सगळं सांग. चिमणने बेफाम गाडी चालवली असं पोलीस म्हणतात, ते खोटं आहे हे कुणीतरी सांगायला हवं. वेणू हो म्हणाली.

घरी येऊन तिने सदानंदला सांगितलं. तो म्हणाला, गाडी विकताना आपल्याला दोष माहीत होता, हेही मग विचारतील. आणि तू खोटं बोलणार नाहीस.

"नाही बोलणार."

"मग बुडालो आपण."

"बुडालोच आहोत," वेणू म्हणाली.

डहाणूच्या कोर्टात तिची पाळी यायला खूप काळ लागला. तिने उजव्या ब्रॅकेटचं सांगितलं. जतीनने आधीच सांगून ठेवलं होतं की गिऱ्हाईकच घाईत होतं, गाडी ठेवायला तयार नव्हतं, आणि ते खोटंही नव्हतं. कंपनीचा वकील मुंबईहून आलेला, नीट इस्त्रीचा कोट घातलेला. त्याने तिला एकच प्रश्न दोन वेळा विचारला, की विकताना तुम्हाला माहीत होतं का. दोन्ही वेळा ती हो म्हणाली. मागच्या बाकावर सदानंद मान खाली घालून बसला होता.

चिमणवरचा बेफामपणाचा ठपका निघाला, तेवढं झालं. कंपनीला आणि वर्कशॉपला काही झालं नाही. मेलेल्या दोन बायांच्या घरच्यांची भरपाई मालकावर आली, आणि होडीतला वाटा त्यात गेला. सदानंद आता भावाच्या होडीवर खलाशी म्हणून जातो. घरात बोलणं होतं ते कामापुरतं. वेणू कासाचा बाजार करत नाही. ती घोलवड स्टेशनाबाहेर बसते, सुकट आणि मांदेली घेऊन. एकदा नवशी तिथे आली होती, बरं न झालेला हात पोटाशी धरून, चिकूच्या बागेत कामाला जाताना. वेणूने तिला सुकट बांधून दिली. तिने घेतली, पदरात टाकली आणि बागेच्या रस्त्याला लागली.