गोल होता की नव्हता

श्रीनिवास बेडेकर आणि विश्वास मोघे यांची ओळख एका टोपीमुळे झाली. सिंगापूरच्या सेम्बावांग मेट्रो स्टेशनजवळच्या कॉफीशॉपमध्ये विश्वास कोपीसाठी, म्हणजे तिथल्या घट्ट गोड कॉफीसाठी, रांगेत उभा होता. पुढच्या वयस्कर गृहस्थांच्या डोक्यावर कॅनडातल्या एडमंटनच्या आइस हॉकी संघाची टोपी होती. निळी-नारिंगी, कडा विटलेली. सिंगापुरात ती टोपी ओळखणारं कुणी भेटणं कठीण, आणि ती बघून तळपायाची आग मस्तकात जाणारं कुणी भेटणं त्याहून कठीण. विश्वास कॅल्गरीत शिकला होता, तिथेच आठ वर्षं नोकरी केली होती. त्याच्याच्याने राहवेना. तो इंग्रजीत म्हणाला, "अंकल, ही टोपी घालून चारचौघांत यायला लाज नाही वाटत?"

गृहस्थ वळले. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मराठीत स्वतःशीच पुटपुटले, "कॅल्गरीचं दिसतंय हे ध्यान."

तिथून पुढे दर रविवारी सकाळी दोघं त्या कॉफीशॉपात बसायला लागले. श्रीनिवासकाका एडमंटनच्या एका पाइपलाइन कंपनीत इंजिनियर होते, निवृत्त होईपर्यंत. पत्नी सविता गेल्यावर मुलगी क्षिप्रा त्यांना इकडे घेऊन आली. ती एका बँकेत अकाउंटंट, तिचा नवरा अंकुर सतत फिरतीवर. विश्वास वन-नॉर्थ भागात एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. काकांच्या आणि त्याच्या वयात चोवीस वर्षांचं अंतर होतं आणि हॉकी सोडून दुसऱ्या कुठल्या विषयावर ते फारसं बोलतही नसत. एडमंटन आणि कॅल्गरी ही एकाच प्रांतातली दोन शहरं, गाडीने तीन तासांवर. त्यांचं एकमेकांशी कधीही पटत नाही आणि पटू नये अशीच दोन्हीकडच्या लोकांची इच्छा असते.

काकांचं प्रत्येक वाक्य 'नाही'ने सुरू व्हायचं. "नाही, तुला काय कळतंय." "नाही नाही, तो खेळाडू नाहीच मुळी, तो फर्निचर आहे." एकदा विश्वास म्हणाला, "आज उकडतंय हो फार," तर काका म्हणाले, "नाही, उकडत नाहीये, दमट आहे." क्षिप्रा हसून म्हणायची, "विश्वासदादा, तुम्ही आलात आणि माझी सुटका झाली. आधी हे सगळं माझ्या वाट्याला होतं."

दोन हजार बावीसच्या मे महिन्यात एकतीस वर्षांनी ही दोन शहरं प्लेऑफमध्ये समोरासमोर आली. चार सामने आधी जिंकेल तो पुढे. तिकडची रात्र म्हणजे इकडची सकाळ, त्यामुळे विश्वासने ऑफिसातल्या मीटिंगा दुपारी ढकलल्या. पहिला सामना कॅल्गरीने नऊ-सहा असा मारला.

"नऊ!" विश्वास फोनवर ओरडला. "काका, नऊ गोल म्हणजे काय झालं हो? दार उघडं ठेवून गावाला गेला होता का तुमचा गोलकीपर?"

"नाही, आधी माझं ऐक. सहा आम्हीही केले. हे हॉकी नव्हतंच, ही भाजी मंडई होती. परवा बघ."

परवा, म्हणजे शनिवारी, एडमंटन एक-तीनने मागे होतं आणि तिथून पाच-तीन असं जिंकलं. सामना संपल्या संपल्या काकांचा फोन आला. ते इतके खुशीत होते की त्यांना शब्द पुरत नव्हते. दुसऱ्या सत्रात खेळ कुठे फिरला, कुणी कुणाला कसं कोंडलं, सगळं त्यांनी सांगायला घेतलं. मध्येच म्हणाले, "थांब, क्षिप्राने जेवायला काढून ठेवलंय, गार होईल. बाकीचं संध्याकाळी. घरीच ये चहाला."

संध्याकाळी विश्वास निघायच्या बेतात होता तेव्हा क्षिप्राचा फोन आला. ती बाजारातून परतली तर बाबा बाथरूमच्या दारात पडलेले. अँब्युलन्समधून बोलत होती ती.

नोव्हेनाच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की ते शेवटचं नीट कधी बोलले होते. क्षिप्रा सकाळीच बाहेर पडली होती. तिने विश्वासकडे पाहिलं. विश्वासने फोन उघडून वेळ दाखवली. डॉक्टर तरुण होती, शांतपणे बोलणारी. ती म्हणाली, मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ठराविक वेळेच्या आत द्यावं लागतं. ती वेळ निघून गेली आहे. मेंदूचा बराच भाग आधीच गेलेला दिसतोय, त्यामुळे गुठळी नळीने बाहेर काढायचा दुसरा उपायही धोक्याचा.

"मग आता?" क्षिप्राने विचारलं.

"आता वाट बघायची."

मंगळवारी काकांना वॉर्डात हलवलं. करोनाचे नियम नुकतेच सैल झाले होते, तरी आत थोड्याच माणसांना सोडत. मास्क लावून विश्वास पलंगाशी गेला. उजवा हात आणि उजवा पाय निर्जीव पडला होता, तोंडाचा उजवा कोपरा खाली उतरला होता. पण डोळे काकांचेच होते. त्यांनी विश्वासला लगेच ओळखलं.

"काका, कसं वाटतंय?"

"हो," काका म्हणाले.

"दुखतंय का कुठे?"

"हो. हो."

विश्वास घाबरून नर्सला बोलवायला वळला, तशी क्षिप्राने त्याची बाही धरली. "तेवढाच एक शब्द उरलाय," ती म्हणाली. "दुखतंय का विचारलं तरी हो, दुखत नाहीये ना विचारलं तरी हो. स्पीच थेरपिस्टने कप, कंगवा, घड्याळ, सगळी चित्रं दाखवली. इंग्रजीत झालं, मग मी मराठीत विचारलं. सगळ्याला हो. मान हलवतात तीही खरी धरू नका म्हणाली."

"पण त्यांना कळतंय का?"

"काही कळत असेल म्हणते. किती, ते तिलाही सांगता येत नाही."

विश्वास खुर्चीवर बसला. मग त्याने जे येत होतं ते केलं. तिसरा सामना आदल्या दिवशी एडमंटनने जिंकला होता. "काका, कालचा सामना तुम्ही पंचांच्या कृपेने जिंकलात," तो म्हणाला.

"हो."

"आणि तुमचा कप्तान म्हणजे नुसतं नाव मोठं, लक्षण खोटं."

काकांच्या कपाळावर आठी पडली, ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली. सगळा चेहरा नाही म्हणायला निघाला होता. तोंडातून आलं, "हो." ते ऐकून काका स्वतःच दचकले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "हो. हो. हो!" मॉनिटरवरचा आकडा चढायला लागला आणि नर्स आली.

"दादा, प्लीज," क्षिप्रा म्हणाली. "नका त्यांना त्रास देऊ."

"मला वाटलं, राग आला तर तरी 'नाही' निघेल," विश्वास म्हणाला.

चौथा सामनाही एडमंटनने घेतला. कॅल्गरीला आता हरून चालणार नव्हतं. शुक्रवारी पाचवा सामना होता. क्षिप्राला ऑफिसात जाणं भाग होतं. तिने नर्सला विनंती करून विश्वाससाठी सकाळची परवानगी काढली. "नुसते शेजारी बसा. बघायचं असेल तर बघतील," ती म्हणाली.

विश्वासने टॅबलेट जेवणाच्या टेबलावर उभा केला. "डावीकडे ठेवा," नर्स म्हणाली, "उजवीकडचं अंकलना नीट दिसत नाही." इअरफोनचं एक टोक त्याने काकांच्या डाव्या कानात बसवलं, दुसरं स्वतःच्या. आपण काही बोलायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

काका बघत होते. कॅल्गरीने दोन गोल केले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, ते योगायोगाने की मुद्दाम, हे विश्वासला सांगता आलं नसतं. एडमंटनने बरोबरी केली. मग धडाधड गोल पडत गेले, इकडून तिकडून, आणि चार-चार झाले. थोडा वेळ विश्वास आपण हॉस्पिटलात आहोत हेही विसरला.

शेवटची सहा मिनिटं राहिली असताना कॅल्गरीचा एक खेळाडू गोलच्या तोंडाशी घुसला, त्याच्या स्केटला लागून पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, आत गेला. पाच-चार! विश्वास अर्धा उठला. मग पंचांनी खेळ थांबवला आणि व्हिडिओ तपासायला घेतला. स्केटला लागून पक आत गेला तर चालतो, लाथ मारून घातला तर चालत नाही. तोच तुकडा पुन्हा पुन्हा, हळूहळू, वेगवेगळ्या कोनांतून दाखवत होते. शेवटी पंचांनी हात आडवे फिरवले. गोल नाही.

"हा अन्याय आहे!" विश्वासच्या तोंडून निघून गेलं. "काका, बघितलंत ना? त्याला मागून ढकललं होतं! तो पाय सावरत होता, लाथ कुठे मारली त्याने? तुम्हीच सांगा, मारली का?"

"हो," काका म्हणाले.

"नाही मारली. बरोबर?"

"हो."

असल्या एका लाथेवर काका विश्वासशी आठवडाभर भांडले असते. नियमाचं कलम काढलं असतं, एकतीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा गोलचा दाखला दिला असता. ते नेमकं काय म्हणाले असते, हे त्याने मनातल्या मनात जुळवून पाहिलं. जमेना. त्याला काकांचा आवाज करता येत होता, पण काकांचा मुद्दा सुचत नव्हता.

जादा वेळेत एडमंटनच्या कप्तानाने गोल केला आणि मालिका संपली. विश्वास वाकून म्हणाला, "जिंकलात काका. अभिनंदन. मनापासून."

काकांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. तोंडाचा चालणारा कोपरा वर गेला होता की थरथरत होता, कळत नव्हतं. पडद्यावर दोन्ही संघ ओळीने हस्तांदोलन करायला लागले. काकांनी डावा हात उचलून पुढे केला.

विश्वासने तो हात दोन्ही हातांत घेतला. काकांनी हात हिसडून सोडवला आणि पुन्हा पुढे केला, टेबलाच्या दिशेने.

"हे? पुन्हा बघायचंय?"

"हो."

त्याने सामना मागे नेला. काकांनी टॅबलेट ढकलला. "पाणी?" हो. त्याने ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेलं पाणी चमच्याने पुढे केलं, काकांनी ओठ मिटून घेतले. उशी? हो. पंखा? हो. पडदा, चष्मा, पांघरूण, सगळ्याला हो, आणि काही दिलं की मानेला झटका. काका ओरडायला लागले होते. नर्स आली, तिने हसतमुखाने पुन्हा सगळं विचारलं. तेवढ्यात दुपारच्या सुट्टीत क्षिप्रा ऑफिसातून धावत पोहोचली.

"बाबा, काय हवंय? मला दाखवा ना."

हात तसाच पुढे, बोटं पसरलेली. तिने पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, खाली केली. त्यांचा फोन दिला, सविताकाकूंचा फोटो उघडून दिला. काकांनी तो बघितलाही नाही.

"माझ्यावर रागावलात का? मी त्या दिवशी घरी नव्हते म्हणून?"

"हो."

"नाही ना रागावलात?"

"हो."

क्षिप्राने मास्क खाली ओढला आणि पुन्हा वर केला. "दोन्ही खोटं आहे, माहितेय मला," ती विश्वासला म्हणाली, "पण पहिलं ऐकू आलंच ना." विश्वासने खुर्ची तिच्याकडे सरकवली.

थोड्या वेळाने काकांनी हात आपला आपणच खाली ठेवला. कुणावर चिडून नाही, थकून. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांना काय हवं होतं ते कुणालाच कळलं नाही.

पुढच्या फेरीत एडमंटन ओळीने चारही सामने हरलं. तोवर काकांना पुनर्वसनाच्या हॉस्पिटलात नेलं होतं. तिथे दोन महिन्यांत ते धरून बसायला लागले, चमच्याने जेवायला लागले. 'चहा' हा शब्द आला. कधीकधी क्षिप्राला ते सविता म्हणत. घरी आणल्यावर बाजूच्या खोलीत त्यांच्यासाठी पलंग लावला आणि एक मदतनीस ठेवली.

विश्वास अजूनही रविवारी जातो. एडमंटन हरल्याचं त्याने त्यांना सांगितलं नाही, मग सांगायला हवं होतं असं वाटून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. खिडकीबाहेर शाळेच्या मैदानावर मुलं फुटबॉल खेळत होती, ते दोघं बघत बसले. मदतनीस चहा घेऊन आली. विश्वासने कप त्यांच्या डाव्या हातात दिला आणि सांडू नये म्हणून खालून आपला हात धरून ठेवला.