घोडा राऊला

"ताई, हा पण बसत नाही," लेथवाला रत्नपाल म्हणाला आणि महूच्या भंगारातून शोधून आणलेला घोडा त्याने कमलच्या हातावर परत ठेवला. घोडा म्हणजे चाप ओढला की नळीच्या मागे आपटतो तो लोखंडी तुकडा. असे दोन याआधीही परत गेले होते. "ओरिजिनल कुठे आहे?"

"राऊला. धाकट्या भावाकडे."

"तो फिर आणा ना. सिटी बस जाते की."

कमल हसली. बस तर जातेच.

रायफल पणजोबांना दरबारातून मिळालेली. तिला बंदूक म्हटलेलं घरात खपत नसे. नळी केव्हाच शिसं ओतून बंद केलेली, पोलीस ठाण्याचा तसा कागदही होता, म्हणजे ती आता फक्त भांडणापुरती उरली होती. वडील गेल्यावर वाटणीत दोघे भाऊ तिच्यावर अडून बसले. शेवटी थोरल्या जयसिंगरावांनी नळी आणि लाकडी दस्ता ठेवून घेतला. विक्रमने पेचकसाने घोडा काढला आणि रुमालात बांधून राऊला नेला. त्यानंतर दोघे बोलले नाहीत. दर खंडेनवमीला दादाच्या लालबागजवळच्या फ्लॅटमध्ये बिनघोड्याच्या रायफलीची पूजा होई आणि राऊच्या बंगल्यात बिनरायफलीच्या घोड्याची. दोन्हीकडे हळदकुंकू वाहायला कमलच. सकाळी इथे, मग भंवरकुआंला बस बदलून तिथे.

कमलचं लग्न झालं नव्हतं. नर्स म्हणून ती रिटायर झाली तेव्हा दोघांनीही, वेगवेगळं, सांगून टाकलं की बहिणीची काही वाटणी होत नसते, दोन्ही घरं तिचीच. म्हणजे उन्हाळा राऊला, बाकीचं वर्ष दादाकडे. तिला एवढंच हवं होतं, की दोघांनी एकदा एका घरात पाटावर बसावं आणि कुणापुढे काय बोलायचं नाही हे आपल्याला लक्षात ठेवावं लागू नये.

यंदा जयसिंगरावांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. तेव्हापासून एकच धोशा, या नवमीला रायफल पूर्ण बघायची.

"बाजारातून आण, कहीं से भी आण," ते म्हणाले, "पण त्याच्या दारात हात पसरायचा नाही. समझी?"

ती पसरायला गेलीच. विक्रमने ऐकून घेतलं, चहा पाजला. दादा आजारी आहे म्हटल्यावर "हां, ऐकलं" इतकंच. मग म्हणाला, "बाकीची रायफल इकडे पाठव म्हणावं. मी जोडून घेतो, आराम से."

तो अंघोळीला गेला तेव्हा शशिकलाने, त्याच्या बायकोने, भिंतीवरचा घोडा आवाज न करता उतरवला, शेजारी मोजपट्टी ठेवली आणि कमलला मोबाइलवर फोटो काढू दिले. "माझं नाव घेऊ नका, वन्सं."

फोटोवरून रत्नपालने घोडा घडवला. तो नुसता बसवायचा; हलत नव्हता, मागे ओढता येत नव्हता. पण दिसायला तोच. नवं लोखंड चमकू नये म्हणून त्याने ते चिंचेच्या पाण्यात घालून काळं करून दिलं.

खंडेनवमीला रायफल पाटावर आली. जयसिंगराव डाव्या हाताचं बोट घोड्यावरून फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "विक्रमने दिला?"

त्या आवाजात कमलला फार वर्षांनी लहानपणचा दादा ऐकू आला. पेशंटच्या उशाशी उभं राहून "आज बरं दिसतंय" म्हणण्यात तिच्या जिभेचा जन्म गेलेला. "हो," ती म्हणाली, "त्यानेच."

त्यांचे डोळे भरतील, फोन लाव म्हणतील, असं तिला वाटलं. तिने फोन हातात घेऊनही ठेवला होता.

"झुकला ना शेवटी," जयसिंगराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला जो येईल त्याला त्यांनी वाकड्या तोंडाने, पण अगदी स्पष्ट सांगितलं, की राऊवाल्याने घोडा पाठवला, गुमान. कमल चहा देत होती. संध्याकाळपर्यंत ते राऊला पोचलं. विक्रमचा फोन तिलाच आला. तो ओरडला नाही.

"ताई, तू म्हणालीस मी दिला?"

"म्हणाले."

"का पण?"

दादाने ते कसं विचारलं होतं हे सांगावंसं तिला वाटलं. पण तो आवाज काही फोनवर काढून दाखवता येईना. "त्याला बरं वाटावं म्हणून."

"आणि मला?" विक्रम म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दिवाळीच्या आधी दारात एक पार्सलवाला उभा राहिला. "आंटीजी, राऊ से है." आत तिच्या उन्हाळ्याच्या सुती साड्या होत्या, घरात घालायच्या चपला, औषधांचा डबा. साड्या शशिकलाने धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून पाठवल्या होत्या. चिठ्ठी नव्हती.

काय आलं, म्हणून जयसिंगरावांनी आतून विचारलं.

"इस्त्रीचे कपडे," कमल म्हणाली.

कपाटातला तिचा कप्पा गच्च भरलेला होता. तिने साड्या पलंगावर ठेवल्या. दुपारी आडवी झाली ती साड्यांपुरती जागा सोडून, भिंतीला लागून.